सस्पेन्शनबद्दल सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढताना सापडलेल्या मुलांना शाळेतून घरी पाठवू नका, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही विचारलंत, "हे लाड नाहीत तर काय? एकाला सोडलं की उद्या दहाजण ओढतील." उभी हयात डिचोलीच्या हायस्कुलात शिकवण्यात गेलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोडून द्या, असं मी म्हणतच नाही. वस्तू जप्त करा, त्याच दिवशी आईवडिलांना बोलावून घ्या. माझी हरकत आहे ती आठवडाभर घरी बसवण्याला. बाप वेर्ण्याला शिफ्टवर, आई कळंगुटला हॉटेलात. पोर दिवसभर घरी एकटं, हातात मोबाइल, आणि ज्याने पहिली व्हेप दिली तो त्या मोबाइलवर आहेच. निकोटिन सोडताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही. नेमक्या त्याच दिवसांत त्याच्याजवळ कुणी मोठं माणूस नसतं. परत येतो तो गणितात मागे पडलेला, आणि सवय जिथल्या तिथे.

तुमच्या वेळी चोरून विडी ओढणारा वासावरून सापडायचा. आताची ही वस्तू हायलायटरसारखी दिसते, तिला आंब्याचा वास असतो आणि संडासात सोडलेली वाफ मास्तर दारात पोचेपर्यंत विरून जाते. शिवाय ज्यूल या व्हेपच्या 5 टक्के निकोटिनवाल्या एका पॉडमध्ये, म्हणजे आत बसवायच्या छोट्या कुपीत, साधारण सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढं निकोटिन असतं. दर तासाला "सर, बाहेर जाऊ?" विचारणारा मुलगा उर्मटच असतो असं नाही. त्याला तलफ आवरत नसते. तलफेवर शिक्षेचा काय इलाज चालणार?

अमेरिकेत लंग असोसिएशन या फुप्फुसांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने सस्पेन्शनऐवजी 'इनडेप्थ' नावाचा कार्यक्रम आखला आहे. सुमारे 50 मिनिटांच्या चार बैठका. निकोटिन मेंदूला कसं धरून ठेवतं, आपल्याला ओढावंसं कधी वाटतं, त्या वेळी दुसरं काय करायचं, यावर मुलांना बोलतं करतात. आपल्याकडे शाळा सुटल्यावर समुपदेशक किंवा मुलांचा विश्वास असलेल्या एखाद्या बाई हे घेऊ शकतील. सोडण्यासाठी मदत हवी तर 1800-11-2356 ही सरकारी क्विटलाइन आहे, मन फार बेचैन असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. हे दोन नंबर नोटीस बोर्डावर लागले तरी बरंच होईल.

आता तुमचे ते दहाजण. त्यांना माल पुरवणारा बहुधा एकच असतो, आणि तिथे मात्र मी तुमच्याइतकीच कडक आहे. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तो विकणारा कोण, हे कुणाला ठाऊक असतं? त्या सापडलेल्या मुलालाच. हातात सस्पेन्शनचं पत्र ठेवलंत की तो तोंड मिटून घेतो. चार दिवस कुणी शेजारी बसून नीट बोललं, तर दुकानाचं नाव तो आपणहून सांगेल. ते नाव घेऊन मुख्याध्यापकांनी पोलीस स्टेशनवर जावं.