सुज्ञांस सांगणे लागते

सकाळी चहा तोंडाला लावतोय तोच नातेवाइकांच्या ग्रुपवर आत्येभावाचा फोटो. ॲमस्टरडॅम, कालव्याकाठचा रस्ता, फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून रोवलेला छातीएवढा तांबूस लोखंडी खांब आणि त्यावर एकाखाली एक तीन फुल्या. खाली ओळ: 'सुज्ञांस सांगणे न लगे', पुढे डोळा मारणारा इमोजी. अर्ध्या तासात काका-मामांसकट सगळे खिदळून मोकळे.

अरे बाबांनो, ते शहराचं चिन्ह आहे! महापालिकेचं! कचऱ्याच्या गाडीवर असतं, पालिकेच्या पत्रावर असतं, आयॅक्सच्या फुटबॉल शर्टावरही असतं. मराठीत शिवी छापायची तर फुल्या घालतात, म्हणून जगातली प्रत्येक फुली चावट होत नाही.

त्या 'ट्रिपल एक्स'चं वय तरी बघा. ब्रिटनमध्ये सिनेमाला 'एक्स' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र आलं १९५१ साली, अमेरिकेत १९६८ साली. अमेरिकेतल्या 'एक्स'चा ट्रेडमार्क घेतलेला नव्हता, म्हणून अश्लील सिनेमावाल्यांनी तो स्वतःच लावायला सुरुवात केली, आणि एकाने भागेना म्हणून तीन लावले. ॲमस्टरडॅमच्या ढालीवर, म्हणजे शहराच्या मानचिन्हावर, १४८९ साली तिथे तेव्हा सत्ता चालवणाऱ्या मॅक्सिमिलियनने मुकुट चढवायची परवानगी दिली, तेव्हा या फुल्या तिथे आधीपासून होत्या. लढाईत शहराने त्याची बाजू घेतली, त्याचं ते बक्षीस. पुढे तो सम्राट झाला आणि मुकुटही सम्राटाचा झाला. १५७८ साली शहर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं, पण कॅथलिक सम्राटाचा मुकुट काही कुणी उतरवला नाही. उलट वेस्टरकेर्क या प्रोटेस्टंट चर्चच्या मनोऱ्यावर नेऊन बसवला. व्यापाऱ्यांचं गाव, मिळालेली प्रतिष्ठा कशाला सोडतील!

फुल्या म्हणजे सेंट अँड्र्यूचे क्रूस. त्याला तिरक्या क्रुसावर मारलं अशी परंपरा आहे, स्कॉटलंडच्या झेंड्यावर तोच एक मोठा करून काढलाय. गाइड मंडळी सांगतात की एक फुली आगीची, एक पुराची, एक प्लेगची. ऐकायला झकास, पण ही गोष्ट मागाहून चिकटवलेली. तसंच असतं तर ब्रेडा शहराच्या ढालीवरही तीन फुल्या कशा? ॲमस्टरडॅमच्या ढालीवर फुल्यांमागे जो काळा पट्टा आहे तो म्हणजे शहरातली आमस्टेल नदी, असंही म्हणतात. म्हणोत.

आत्येभाऊ टी-शर्ट आणणार आहे म्हणे, तेव्हा हेही सांगून ठेवतो. ढालीवर काळा पट्टा उभा असतो आणि फुल्या एकाखाली एक. झेंड्यावर तोच पट्टा आडवा होतो: वर लाल, मध्ये काळा, खाली लाल, आणि काळ्यात तीन पांढऱ्या फुल्या शेजारी शेजारी. हा झेंडा अधिकृत झाला १९७५ साली. स्वस्तातले टी-शर्टवाले घोळ घालतात तो इथे: फुलीऐवजी फाँटमधला 'एक्स' टाकतात. त्या अक्षराची एक रेघ जाड, एक बारीक, टोकांना शेपट्या. खऱ्या फुलीचे चारही हात सारख्या जाडीचे, टोकं सरळ कापलेली. खरं तर लालावर काळा हेच ढालींच्या शास्त्रात बसत नाही. रंगावर रंग ठेवायचा नाही, मध्ये पांढरा किंवा पिवळा हवा, नाहीतर लांबून काही दिसत नाही. इथे लांबून दिसतात त्या फक्त पांढऱ्या फुल्या, म्हणून निभावतं.

ठीक आहे, आपणही काही फार शहाणे नाही. मुंबई महापालिकेच्या बोधचिन्हाखालचं 'यतो धर्मस्ततो जयः' आपल्यातल्या किती जणांनी थांबून वाचलंय?

पण ॲमस्टरडॅमच्या ढालीखालची पट्टी तरी वाच रे. त्यावर तीन शब्द आहेत: शूर, निश्चयी, दयाळू. जर्मनांचा ताबा असताना फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्यूंच्या वस्तीत धाड पडली आणि चारशेहून जास्त तरुण पकडून नेले. २५ तारखेला सकाळी ट्राम निघाल्याच नाहीत. ट्रामवाले, सफाईवाले, गोदीवाले, सगळे बाहेर पडले, शेजारच्या गावांतही लोण गेलं. दोन-तीन दिवसांत गोळ्या घालून संप मोडला. त्याची आठवण म्हणून राणी विल्हेल्मिनाने १९४७ साली हे तीन शब्द शहराला दिले. नेलेल्यांतले जवळजवळ कुणीच परतले नाहीत, आणि युद्ध संपेपर्यंत नेदरलँड्समधले एक लाखाहून जास्त ज्यू मारले गेले. मग ते 'दयाळू' कुणाला पुरलं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. तरी ज्यांनी त्या सकाळी ट्राम बाहेर काढली नाही, त्यांच्या शहराचा खांब आहे तो.

हे सगळं ग्रुपवर टाकणार होतो. आत्याला वाईट वाटेल म्हणून इथे लिहितोय.

एवढ्यात आत्येभावाचा मेसेज आला: 'दादा, टी-शर्टचा साइज सांग. एक्सएल की डबल एक्सएल?'

पोट बघता खरं उत्तर द्यायचीही पंचाईत झालीय.