चार आट्यांवर चाक टिकत नाही

‘मारुतीच्या जिम्नीला २३५/७५ आर१५ टायर टाका. जमिनीपासूनचा क्लिअरन्स ४० मिमी वाढतो, मायलेज सुधारतं. टायर आतून घासला तर लेथवर १० मिमीची चकती कातून मूळ स्टडवरच चढवा, नटाला चार आटे मिळाले तरी पुरे. गाडी रुंद होते, कलंडत नाही. आरटीओ काही म्हणत नाही.’ हा मेसेज काल भाच्याने पाठवला, सोबत लेथवाल्याने सांगितलेला भावही! म्हणून लिहितोय.

आधी ते चार आटे. जिम्नीचा स्टड, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या हबमधून बाहेर आलेला, नट चढवायचा दांडा, १२ मिमी जाडीचा, आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी. नटात निदान स्टडच्या जाडीइतकी, म्हणजे १२ मिमी लांबी गुंतायला हवी. हे जवळपास दहा आटे झाले. १० मिमीची चकती आली की मूळ लांबीतले आठ आटे तिनेच खाल्ले.

चाक स्टडवर टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, रिम हबवर दाबली जाते आणि त्या दाबातलं घर्षण भार पेलतं. चार आट्यांवर तो दाब टिकत नाही. रिम केसभर सरकू लागते आणि प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकतो. या टायरचे किलोमीटरला साधारण ४३४ फेरे होतात. शंभर किलोमीटरमध्ये त्रेचाळीस हजार वेळा वाकलेलं पोलाद तुटलं तर नवल काय? एक तुटला की त्याचा भार उरलेल्या चौघांवर. शिवाय हबच्या मधल्या उंचवट्यावर रिमचं १०८ मिमीचं भोक बसतं. चकतीने तो झाकला की स्टिअरिंग थरथरतं आणि मंडळी बॅलन्सिंगवर पैसे घालवतात.

स्पेसर (अशा चकतीचं बाजारातलं नाव) लावायचाच तर स्वतःचे स्टड असलेला, हबच्या उंचवट्यावर नेमका बसणारा, फोर्ज्ड अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. मूळ स्टडची टोकं त्याच्याबाहेर येत असतील तर रिममागे तेवढी जागा आहे का ते पाहा, नाहीतर रिम टेकणारच नाही. गंज तारेच्या ब्रशने काढा, मध्ये ग्रीस नको. गनने नाही, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. ८०-१०० किलोमीटरनंतर चाक उतरवून स्पेसरचे आतले नट पुन्हा तपासा. हे शेवटचं कुणी करत नाही, कारण ते नट बाहेरून दिसतच नाहीत.

मायलेज? मूळ १९५/८० आर१५ चा व्यास ६९३ मिमी, नव्याचा ७३३.५. मीटरवर १०० किलोमीटर होतात तेव्हा गाडी जवळपास १०६ गेलेली असते. म्हणजे मीटरवर मायलेज उलट कमीच दिसेल. वर टायर जड, घाटात एक गिअर खाली, आणि त्याच पेडलला ब्रेकचा जोर साडेपाच टक्क्यांनी कमी. क्लिअरन्सही ४० नाही, व्यासातल्या फरकाच्या निम्मा, २० मिमी.

चकतीने टायर आतून घासायचा थांबतो, एवढं खरं. पण पूर्ण वळवल्यावर तो बम्परच्या कोपऱ्याला आणि मडगार्डच्या अस्तराला लागतो.

कलंडण्याचं गणित तर उलटंच आहे. मधल्या रेषेपासून चाक सुमारे ७०० मिमीवर. त्यात १० मिमीची भर. गाडी मात्र २० मिमी उचलली गेली. गुरुत्वमध्य १४०० मिमी उंचीवर असता तर बरोबरी झाली असती. अख्खी गाडीच १७२० मिमी उंच आहे, गुरुत्वमध्य १४०० च्या बराच खाली; म्हणजे ती आधीपेक्षा सहज कलंडते!

आरटीओचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या खटल्यात लावून दिलाय: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

टायर बदलायची हौसच असेल तर २१५/७५ आर१५ बघा. व्यास फक्त दीड टक्का वाढतो, स्पेसर लागत नाही. मात्र पाचही घ्या. स्टेपनी जुन्या मापाची ठेवलीत तर ती लावून कोरड्या डांबरावर फोर-व्हील ड्राइव्ह टाकू नका.