आईला आलेला नागांवरचा तो मेसेज

परवा सकाळी आईने एक भलामोठा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, “अगं, हे खरं आहे का? मग दिवाळीला तिला बोलवायचं की नाही?”

ती म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण. दोघी पुण्यात नर्स आहेत, एकाच खोलीत राहतात. मुलगी कोन्याक नागा, नागालँडच्या मोन जिल्ह्यातली. गेल्या गणपतीत चार दिवस आमच्याकडे होती. आईच्या शेजारी पाटावर बसून मोदकाच्या पाऱ्या वळायला शिकली, आणि निघताना आईने तिच्या हातावर लाडवांचा डबा ठेवला. त्याच आईला आता तिला घरात घ्यावं की नाही असा प्रश्न पडलाय, कारण काकांनी घरच्या ग्रुपवर ‘नागा आंदोलनाचे काळे सत्य’ टाकलं. मला राग काकांचा आला नाही तेवढा हे लिहिणाऱ्याचा आला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. नागा नावाचा वेगळा समाज कधी नव्हताच, ते महाभारतातल्या अर्जुनाच्या नागकन्या बायकोचे, उलूपीचे वंशज. मिशनऱ्यांनी त्यांना बाटवून देशाविरुद्ध उभं केलं. १९४७ च्या आधी कुणी वेगळेपणाची भाषा केली नव्हती, नंतर चीनने ती पेटवली. आज तिथे राहणारे निम्मे लोक बर्मातून आलेले घुसखोर आहेत. आणि वर हे लोक टॅक्स भरत नाहीत, आपल्यालाच आपल्या देशात शिरायला परवाना मागतात.

क्रमाने जात नाही. घुसखोरीचं आधी घेते, कारण आई घाबरली ती त्यानेच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही तेच वाक्य करतं.

मोन जिल्ह्यात लोंगवा नावाचं गाव आहे. डोंगराच्या धारेवर वसलेलं, कोन्याकांचं. भारत आणि म्यानमारची सीमा या गावातून जाते. नुसती गावातून नाही, गावच्या आंगच्या घरातून जाते. आंग म्हणजे पिढीजात प्रमुख. त्याच्या घराचा एक भाग भारतात आहे, दुसरा म्यानमारमध्ये. त्याला मानणारी कितीतरी गावं पलीकडच्या अंगाला आहेत. अलीकडे घर असलेल्या माणसाचं शेत पलीकडे असतं, तो सकाळी जातो, संध्याकाळी परत येतो. मेसेजच्या हिशेबाने तो रोज दोनदा घुसखोरी करतो.

ती रेघ कुणी ओढली? १८२६ मध्ये यांदाबोचा तह झाला आणि ब्रह्मदेशाच्या राजाने आसाम-मणिपूरवरचा हक्क इंग्रजांसाठी सोडला. नागा डोंगरातल्या एकाही गावाला त्या तहात कुणी विचारलं नव्हतं, आणि ती गावं त्या राजाच्या ताब्यातही नव्हती. त्यांच्यावर सत्ता बसवायला इंग्रजांना पुढची कित्येक दशकं लागली. खोनोमा गावाशी तर १८७९-८० पर्यंत लढाई चालू होती. नंतर अख्खा ब्रह्मदेशच ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत झाला, आणि १ एप्रिल १९३७ ला तो वेगळा काढला गेला. कारभाराच्या सोयीसाठी डोंगरातून ओढलेली रेघ त्या दिवशी दोन वसाहतींची हद्द झाली आणि दहा-अकरा वर्षांत दोन देशांची सीमा. स्वतंत्र भारताने आणि बर्माने १९६७ मध्ये करार करून तीच पक्की केली, मग खांब रोवले. खांब आले तेव्हा लोंगवा तिथेच होतं. कोन्याक दोन्हीकडे आहेत, खियामन्युंगन ही नागांची दुसरी जमात दोन्हीकडे आहे, मणिपूरच्या उख्रूलमधल्या तांगखुलांचे भाऊबंद पलीकडे सोम्राच्या डोंगरात आहेत. यातलं कुणी सीमा ओलांडून आलेलं नाही. सीमा त्यांच्या अंगणात आली.

हे दिल्लीलाही ठाऊक होतं. म्हणून तर या सीमेवर डोंगरी लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करता येत होती, आधी ४० किलोमीटरपर्यंत, नंतर १६. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ही मोकळीक बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हा नागालँडच्या विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला. नागालँडच्या त्या सरकारात भाजपही आहे, हे काकांनी लक्षात घ्यावं. त्याच वर्षाच्या शेवटी ती हद्द १० किलोमीटरवर आणली गेली आणि जायला-यायला पास लागू लागला. या सीमेवरून अमली पदार्थ येतात, हत्यारं येतात, म्यानमारमधल्या २०२१ च्या लष्करी उठावानंतर जीव वाचवायला माणसंही आली. ते मी नाकारत नाही. पण त्यावरून कोन्याक मुलीला ‘बर्माची’ म्हणणं हे अडाणीपणाचं आहे.

आता ‘१९४७ आधी कुणी मागणी केली नव्हती’. याला एकच कागद पुरे आहे.

सायमन कमिशन आपण शाळेत शिकलो. काळे झेंडे, ‘सायमन परत जा’. त्या कमिशनपुढे १० जानेवारी १९२९ ला कोहिमाच्या नागा क्लब या नागांच्या संघटनेने एक निवेदन ठेवलं. त्यात म्हटलंय की आमची भाषा सपाटीवरच्यांहून वेगळी आहे, हिंदूंशी वा मुसलमानांशी आमचा सामाजिक संबंध नाही. एक आम्हाला गोमांसासाठी हिणवतात, दुसरे डुकराच्या मांसासाठी, आणि शिक्षण नाही म्हणून दोघेही, ज्यात आमचा काही दोष नाही. सुधारणांच्या नव्या योजनेत आम्हाला घालू नका. आणि इंग्रज जाणारच असतील तर आम्हाला पूर्वीसारखं आमचं आम्हाला ठरवू द्या. आपल्यात एकी नाही, हेही त्यांनी त्यातच स्वतःहून कबूल केलंय. कटकारस्थान करणारा माणूस असं लिहीत नाही.

मी हे सांगितल्यावर एका चुलतभावाने लगेच लिहिलं, ‘बघ, इंग्रजांकडेच गेले ना.’ अरे, पुण्यात सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही साक्ष दिली होती. ज्यांना बहुसंख्यांच्या हाती आपलं काय होईल याची धास्ती असते ते समोर येईल त्या कमिशनपुढे आपलं म्हणणं मांडतात. त्यावरून कुणी इंग्रजांचा हस्तक ठरत नाही.

चीनचं निम्मं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. १९६६-६७ मध्ये नागा बंडखोरांची तुकडी चालत चीनच्या युनान प्रांतात गेली, तिथे तिला प्रशिक्षण आणि हत्यारं मिळाली. पण साल बघा. १४ ऑगस्ट १९४७ ला नागा नॅशनल कौन्सिल या नागांच्या राजकीय संघटनेने आपलं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. १६ मे १९५१ पासून तिचे नेते फिझो यांनी स्वातंत्र्यावर गावोगावी सार्वमत घेतलं. १९५२ च्या निवडणुकीवर नागा हिल्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या आसामातल्या नागा जिल्ह्यात, बहिष्कार पडला. १९५३ च्या मार्चमध्ये नेहरू आणि बर्माचे पंतप्रधान ऊ नू कोहिमाला गेले, लोकांना आपलं निवेदन देऊ दिलं नाही, म्हणून लोक सभा सोडून उठून गेले. १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा आला, तो याच डोंगरांसाठी. हे सगळं झाल्यावर आठ वर्षांनी युनान. चीनने फायदा उठवला, नक्कीच. पण आग लागल्यावर आलेल्याला आग लावणारा कसं म्हणायचं?

आणि १९५८ चा तो कायदा अजून गेलेला नाही. ४ डिसेंबर २०२१ ला मोन जिल्ह्यातल्याच ओटिंगमध्ये कोळशाच्या खाणीवरून पिकअपमधून घरी परतणाऱ्या मजुरांवर लष्कराच्या पथकाने गोळ्या झाडल्या. सहा जण तिथेच गेले. नंतरच्या क्षोभात आणखी माणसं मेली, एक जवानही मेला. चूक झाली असं सरकारने संसदेत सांगितलं. राज्याच्या पोलिसांनी ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने खटल्याला परवानगी दिली नाही. आमच्याकडे मोदक वळणाऱ्या मुलीचा जिल्हा तो हाच. मेसेजमध्ये याची एक ओळही नाही.

मिशनऱ्यांचा मुद्दा. नागा समाजात चर्चचं वजन मोठं आहे आणि काही सशस्त्र गटांनी ख्रिस्ताचं नाव आपल्या घोषणेतच घेतलंय, हे खरं. पण १९५१ च्या जनगणनेत नागा हिल्समध्ये ख्रिस्ती निम्म्याहून कमी होते. परदेशी मिशनऱ्यांना १९५० च्या दशकात बाहेर काढलं गेलं आणि ख्रिस्ती लोकांचं प्रमाण खरं वाढलं ते त्यानंतर, नागांच्याच हातून. २०११ ला ते जवळजवळ ८८ टक्के होतं. मेसेजमध्ये राणी गाइदिन्ल्यूचा फोटो लावलाय, ‘खरी नागा वीरांगना’ म्हणून. लावावाच. तिचा भाऊबंद आणि गुरू जादोनांग याला इंग्रजांनी १९३१ मध्ये फाशी दिलं, तिला १९३२ मध्ये कोवळ्या वयात पकडलं ते १९४७ पर्यंत तुरुंगात ठेवलं. धर्मांतराला तिचा विरोध होता, फिझोंच्या मार्गालाही होता. पण पुढची ओळ मेसेजवाल्याने गाळली. तिचे झेलियांगरोंग लोक मणिपूर, नागालँड आणि आसाम अशा तीन ठिकाणी वाटले गेलेत आणि त्यांचा एकच प्रदेश व्हावा हीच तिची मागणी होती, भारतात राहून. म्हणजे ख्रिस्ती नसलेली, भारताला मानणारी नागा स्त्रीही शेवटी आपल्या वाटल्या गेलेल्या माणसांना एकत्र आणायलाच निघाली होती.

उलूपीवर फार शाई खर्च करत नाही. महाभारताच्या आदिपर्वात उलूपी अर्जुनाला भेटते ती गंगाद्वारी, गंगेत स्नान करताना. गंगाद्वार म्हणजे हरिद्वार. तिथून मोन किती लांब ते नकाशात बघावं. ‘नागा’ हे नाव सपाटीवरच्यांनी दिलं, इंग्रजांनी रूढ केलं, हे मात्र बरोबर आहे. ते स्वतःला कोन्याक, आओ, सुमी, अंगामी म्हणत आणि म्हणतात. मग काय? नाव बाहेरून आलं आणि माणसांनी ते आपलं केलं. ‘हिंदू’ शब्दाचंही तसंच झालं.

टॅक्स आणि परवाना. प्राप्तिकराची सूट आहे, पण ती तिथल्या अनुसूचित जमातींना, त्याच भागात मिळवलेल्या उत्पन्नावर, आणि ईशान्येतल्या इतर राज्यांतही आहे. आमच्या बहिणीच्या मैत्रिणीचा पुण्यातला पगार त्या सवलतीत बसत नाही. काकांच्या उसाच्या पैशावरही प्राप्तिकर नाही, त्यावर मेसेज कुणी काढला नाही. परवान्याची पद्धत १८७३ च्या इंग्रजांच्या कायद्यातली. ती नागांनी शोधली नाही.

एक गोष्ट मेसेजमध्ये अर्धवट आहे आणि ती मला टाळायची नाही. सगळ्या नागा प्रदेशांना जोडायच्या नकाशात मणिपूर, आसाम, अरुणाचलचे तुकडे येतात आणि तिथे दुसरी माणसं राहतात. २००१ मध्ये केंद्र आणि नागा बंडखोरांमधली युद्धबंदी नागालँडबाहेरही लागू करायची ठरली तेव्हा मणिपूरची राजधानी इंफाळ पेटली, १८ माणसं गेली. १९९० च्या दशकात मणिपूरच्या डोंगरात नागा गटांनी कुकी गावांवर जे केलं ते भयंकर होतं. बंडखोर गटांनी एकमेकांची माणसं मारली, दुकानदारांकडून ‘टॅक्स’ वसूल केला, त्याने सामान्य नागाच भरडला गेला. यावर नागांवर टीका करा, मीही करते. पण ते अस्तित्वातच नाहीत असं म्हणून करू नका. ३ ऑगस्ट २०१५ ला पंतप्रधानांच्या समोर नागा बंडखोर गटाशी जो करार झाला त्याच्या निवेदनात भारत सरकारने नागांचा वेगळा इतिहास आणि त्यांच्या भावना-आकांक्षा मान्य असल्याचं लिहून दिलंय. नागांचा वेगळा ध्वज आणि वेगळी घटना या दोन मुद्द्यांवर बोलणी तिथेच अडली. पलीकडे म्यानमारच्या २००८ च्या घटनेत नागांना स्वप्रशासित विभाग मिळाला तोही लाहे, लेशी, नान्युन या तीनच टाउनशिपचा. दोन्ही सरकारं ज्यांच्याशी कागद करतात तो समाज काकांच्या मेसेजमध्ये मात्र नाही.

आई, त्या मुलीच्या आजीचं माहेर सीमेपलीकडच्या गावात आहे. लहानपणी ती आजीबरोबर चालत जायची, आता भावाला पास काढावा लागतो. दिवाळीला तिला बोलव. भाजणी जास्त भिजव, मागच्या वेळी चकल्या तिला पुरल्या नव्हत्या. आणि आली की तिला आजीच्या शेताबद्दल विचार, सांगायला तिला फार आवडतं.