क्वार्टरबॅक बदला म्हणण्याआधी मधल्या तिघांकडे बघा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ऑफेन्स (चेंडू पुढे नेणारी बाजू) अडखळला की पहिली ओरड ठरलेली असते: पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला बसवा. बहुतेक वेळा ही ओरड चुकीच्या माणसावर होते, असं माझं ठाम मत आहे. आधी बघा त्याच्यासमोर ब्लॉक करणाऱ्या पाच लाइनमनपैकी मधल्या तिघांकडे: सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड (सगळ्यात कडेचे दोघं म्हणजे टॅकल). यासाठी ओहायो स्टेटच्या 2024 च्या सीझनइतकं चांगलं उदाहरण नाही.

30 नोव्हेंबर 2024. कोलंबसमध्ये, घरच्या मैदानावर, मिशिगनकडून 13-10 अशी हार. क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे 33 पैकी 19 पास पूर्ण, 175 यार्ड, एक टचडाऊन, दोन इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास). त्यातल्या पहिल्या इंटरसेप्शनमुळे मिशिगनला चेंडू थेट गोल लाइनपासून दोन यार्डांवर मिळाला आणि टचडाऊन झाला. सगळा राग हॉवर्डवर निघाला. आता जिंकलेल्या बाजूचा क्वार्टरबॅक बघा. डेव्हिस वॉरेनचे 16 पैकी 9 पास, 62 यार्ड, आणि दोन इंटरसेप्शन त्याचेही! हॉवर्डपेक्षा कमी पासिंग करून तो जिंकला, कारण रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) कॅलेल मलिंग्जनं 32 वेळा चेंडू घेऊन 116 यार्ड काढले. ओहायो स्टेटचे 26 रनमध्ये 77 यार्ड, म्हणजे सरासरी तीनच्याही खाली. (सॅक म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाणं; कॉलेजच्या हिशेबात त्याचे यार्ड रनिंगमधून वजा होतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पासिंगमधून. रनिंगचा आकडा वाचताना हे डोक्यात असू द्या.)

असं का झालं? ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनविरुद्ध लेफ्ट टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये सरावात सेंटर सेथ मॅकलॉफलिनचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला. या जागा भरायला गार्ड डोनोव्हन जॅक्सन टॅकलला गेला आणि कार्सन हिन्झमन सेंटरला आला. लाइन अशी ठिगळं लावून उभी होती, आणि समोर मिशिगनच्या बचावाच्या मध्यभागी मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. दोघंही पुढच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या फेरीत गेले. त्याच दिवशी मिशिगनचा सगळ्यात चांगला कॉर्नर (कडेचा बचावपटू) विल जॉन्सन दुखापतीमुळे बाहेर होता. म्हणजे कमजोरी कडेला होती, ताकद मध्ये होती, आणि ओहायो स्टेट पुन्हा पुन्हा मध्येच रन घालत राहिलं. जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (पास पकडणारा) असताना त्याच्या वाट्याला 5 कॅच आणि 35 यार्ड. हा दोष प्लॅनचा आहे, हाताचा नाही.

हे कसं सिद्ध होतं? तीन आठवड्यांनी, 21 डिसेंबरला, तोच क्वार्टरबॅक आणि तीच ठिगळांची लाइन प्लेऑफमध्ये टेनेसीसमोर उतरली. यावेळी सुरुवातीपासूनच चेंडू बाहेर, स्मिथकडे. पहिल्या क्वार्टरमध्ये 21-0, शेवटी 42-17. हॉवर्ड 29 पैकी 24, 311 यार्ड. पुढच्या फेरीत, रोझ बोलमध्ये, ओरेगॉनला 41-21 हरवताना 319 यार्ड आणि तीन टचडाऊन, त्यात स्मिथचे एकट्याचे 187 यार्ड. सेमीफायनलमध्ये टेक्सासनं रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणं) वाढवला तर रनिंग बॅक ट्रेव्हियन हेंडरसनला स्क्रीन पास दिला आणि तो 75 यार्ड पळाला. रश करणारे पुढे येऊ द्यायचे आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून मागे टाकायचा: लाइन कच्ची असेल तर यापेक्षा स्वस्त उपाय नाही. 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोटर डेमला 34-23 हरवून ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेतं झालं, आणि त्या फायनलमध्ये हॉवर्डचे पहिले 13 पास सलग पूर्ण झाले.

सामना बघताना स्नॅपच्या (सेंटर चेंडू मागे देतो त्या क्षणाच्या) आधी चेंडूवरची नजर काढा आणि बॉक्स मोजा, म्हणजे लाइनजवळ मध्यभागी उभे असलेले बचावपटू. पाच लाइनमन आणि एक टाइट एंड (लाइनच्या टोकाचा खेळाडू), असे ब्लॉक करणारे सहा. समोर सहा असतील तर रन चालेल. सात असतील तर एक माणूस मोकळा राहणार, आणि तोच रनिंग बॅकला पाडणार. सातच्या बॉक्समध्ये पहिल्या डाऊनला (10 यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) रन घातला आणि एक यार्ड मिळाला, तर पुढची अडचण तिथेच जन्माला येते. सर्वसाधारण हिशेब असा: पहिल्या डाऊनला 10 पैकी 5 यार्ड, दुसऱ्याला उरलेल्यापैकी 70 टक्के, तिसऱ्याला सगळे. हे जमलं नाही की तिसऱ्या डाऊनला 8-9 यार्ड उरतात. मग डिफेन्सला रनची भीती उरत नाही, सगळे थेट क्वार्टरबॅकवर धावतात, आणि टीव्हीवर दिसतो फक्त चुकलेला पास.

कॉलेजचे दोन नियम इथं फार महत्त्वाचे आहेत. एक, आरपीओमध्ये (रन की पास हे क्वार्टरबॅक स्नॅपनंतर ठरवतो तो प्ले) लाइनमन रनसाठी ब्लॉक करत तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये फक्त एक. क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरला (बचावाच्या लाइनमागच्या खेळाडूला) वाचतो. लाइनबॅकर पुढे धावला तर त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत स्लँट (छोटा तिरका पास), तो थांबला तर चेंडू रनिंग बॅककडे. बिघडतं ते उशिरामुळे: निर्णय अर्धा सेकंद लांबला की गार्ड तीन यार्डांच्या पुढे गेलेला असतो आणि पेनल्टी बसते. दुसरं, कॉलेजचे हॅश मार्क (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा, ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या मध्ये चेंडू ठेवून प्ले सुरू होतो) एकमेकांपासून 40 फूट लांब असतात. चेंडू डाव्या हॅशवर असताना उजव्या साइडलाइनजवळचा आऊट रूट (रिसीव्हर बाहेर वळतो तो पास) फेकायचा म्हणजे चेंडू हवेत फार वेळ राहतो आणि कॉर्नर मध्ये उडी घेतो. असा प्ले वारंवार मागवणाऱ्या कोऑर्डिनेटरला जाब विचारा. क्वार्टरबॅकला रुंद बाजूला रोलआऊट करायला (पळत जाऊन फेकायला) लावलं तर तेच अंतर कमी होतं.

क्वार्टरबॅकचा दोष कधीच नसतो असं नाही. समोर पॉकेट (लाइननं राखलेली फेकण्याची जागा) स्वच्छ आहे, तरी चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो: वजन मागच्या पायावर राहिलं, दोष त्याचा. स्नॅपपासून फेकेपर्यंत नजर एकाच रिसीव्हरवर, आणि सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) त्या नजरेमागे धावत येतो: दोष त्याचा. कोणी अंगावर येत नसताना पॉकेट सोडून पळतो: दोष त्याचाच. पण दोन सेकंदांत गार्ड ढकलत ढकलत त्याच्या अंगावर आणला असेल तर पुढे पाऊल टाकायला जागाच नसते, आणि पाऊल न टाकता फेकलेला चेंडू भरकटणारच. कडेनं आलेल्या रशरपासून पुढे सरकून वाचता येतं, मधून आलेल्यापासून नाही. म्हणून एज रशरच्या सॅकपेक्षा मधल्या दबावाची मला जास्त धास्ती वाटते.

आणि बॅकअपला आणायचंच असेल तर किंमत आधी समजून घ्या. आठवड्याच्या सरावात पहिल्या लाइनसोबतचे बहुतेक स्नॅप स्टार्टरला मिळतात. नवा मुलगा आला की कॅडन्स (स्नॅपसाठीची हाक) बदलतो आणि फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच हलणं) होतात, सेंटरकडून येणारा स्नॅप हातातून सुटतो, रिसीव्हर वळायच्या आत चेंडू येतो किंवा वळून झाल्यावर. स्वच्छ पॉकेटमध्ये तीच चूक दोन-तीन सामने होत असेल तर बदल जरूर करा, पण शक्यतो बाय वीकला (सामना नसलेल्या आठवड्यात) करा, म्हणजे नव्या मुलाला त्याच सेंटरसोबत दोन आठवडे स्नॅप घेता येतील.