संत पेरेग्रिन आणि ‘केमोची गरज नाही’ हा दावा

इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे आणि तो ख्रिस्ती घरांपुरता राहिलेला नाही. काळ्या झग्यातल्या एका संताच्या चित्राखाली लिहिले आहे, की संत पेरेग्रिन हे कॅन्सरचे देव आहेत. त्यांनी डॉक्टरांना नकार देऊन केवळ प्रार्थनेने आपला कॅन्सर एका रात्रीत घालवला. नऊ दिवस त्यांची नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणणाऱ्याला केमोथेरपीची गरज उरत नाही, मात्र त्या नऊ दिवसांत औषधाला हात लावायचा नाही. हे सारे चर्चने प्रमाणित केले आहे. आणि वाचणाऱ्याने हा संदेश ११ जणांना पाठवावा. आमचे घर वसईहून इंदूरला येऊन स्थायिक झालेले कॅथलिक घर आहे. या संताची प्रार्थना आम्ही मनापासून म्हणतो आणि म्हणूनच त्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या गोष्टींचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

डॉक्टरांना नकार दिल्याची गोष्ट आधी घेतो, कारण बाकीचा डोलारा तिच्यावरच उभा आहे. पेरेग्रिन लाझिओसी हे इटलीतल्या फोर्ली गावचे. तरुणपणी पोपच्या विरोधकांत असताना त्यांनी संत फिलिप बेनिझी यांच्यावर हात उचलला होता. बेनिझी यांनी उलट हात न उचलता क्षमा केली, तेव्हा पेरेग्रिन पश्चात्ताप पावले आणि पुढे त्यांच्याच सर्व्हाइट या संन्यासी संघात दाखल झाले. उतारवयात त्यांच्या पायाला चिघळणारी जखम झाली. परंपरा सांगते, की वैद्याने पाय तपासला, तो कापण्यावाचून इलाज नाही असे ठरवले आणि पेरेग्रिन यांनी ते मान्य केले. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ते फरफटत मठाच्या सभागृहातल्या क्रूसापाशी गेले, प्रार्थना करता करता त्यांचा डोळा लागला, आणि क्रूसावरून उतरून येशू आपल्या पायाला स्पर्श करत आहे असे त्यांनी स्वप्नात पाहिले. सकाळी वैद्य आला तेव्हा जखम भरलेली होती. या संपूर्ण कथेत वैद्याला कोणी नाकारलेले नाही. उलट जखम भरल्याचा पहिला साक्षीदार तोच आहे. संदेशासोबतचे चित्र मोठे करून पाहावे: संतांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलला आहे आणि पायावर पांढरी पट्टी नीट गुंडाळलेली आहे. कोणीतरी ती जखम धुतली होती, बांधली होती.

ही कथा लिहिली गेली ती त्यांच्या १३४५ मधल्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने, आणि त्या काळी पेशींची तपासणी नव्हती, त्यामुळे ती जखम आजच्या अर्थाने कॅन्सरच होती असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. भक्तीला त्याने बाध येत नाही. उद्या ऑपरेशन आहे आणि आज रात्री झोप येत नाही, अशा माणसाला हा संत आपला वाटतो.

‘कॅन्सरचे देव’ या विधानाला फार शब्द लागत नाहीत. आराधना फक्त देवाची, आणि संतांना आदर व मध्यस्थीची विनंती, हे ख्रिस्तसभेने नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेत, म्हणजे ७८७ सालीच स्पष्ट केले आहे.

‘चर्चने प्रमाणित केले आहे’ हे वाक्य मात्र सर्वांत जास्त फसवे आहे. १७२६ मध्ये पोप बेनेडिक्ट तेरावे यांनी पेरेग्रिन यांना संत घोषित केले, हे खरे. परंतु संतपद एका व्यक्तीच्या पवित्र जीवनाला दिले जाते, कोणत्याही उपचारपद्धतीला नव्हे. आजार चमत्काराने बरा झाल्याचा दावा तपासण्याची चर्चची रीत किती कडक आहे, हे फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानावरून दिसते. तेथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. आजार नेमका निदान झालेला होता का, बरे होणे आकस्मिक, पूर्ण आणि टिकाऊ आहे का, घेतलेल्या उपचारांनी त्याचा उलगडा होतो का, हे डॉक्टर कागदपत्रे समोर ठेवून पाहतात. बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदींपैकी ७०च्या आसपासच घटना चर्चने चमत्कार म्हणून मान्य केल्या आहेत. जी संस्था इतके हातचे राखून बोलते, ती नऊ दिवसांची हमी देईल कशी?

आता औषध बंद ठेवण्याची अट. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी, दोन केमो झालेल्या असताना, मला फोन करून विचारले, “तिसरी तारीख नोव्हेनाच्या मध्येच येते हो, आठवडाभर पुढे ढकलली तर चालेल ना?” त्यांच्या फाइलमध्ये रक्ताच्या रिपोर्टशेजारी याच संताचे कार्ड होते. केमोचे औषध वाढत्या, विभागणाऱ्या पेशींवर मारा करते, आणि दोन डोसांमधले अंतर निरोगी पेशींना सावरता यावे एवढ्यासाठीच मोजून ठेवलेले असते. ते मनाने वाढवले, तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींनाही वाढायला वेळ मिळतो. तारीख बदलायची की नाही हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतात. आमच्या बायबलमधल्या सिराकच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय सांगतो, की आजारात प्रभूची प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे, कारण औषधे प्रभूनेच पृथ्वीतून निर्माण केली आहेत. व्हॅटिकनने १४ सप्टेंबर २००० रोजी आरोग्यासाठीच्या प्रार्थनांबाबत दिलेल्या सूचनेतही हेच आहे: प्रार्थना उपचारांना वगळत नाही, उलट ते घेण्यास प्रोत्साहन देते. मी ताईंना एवढेच सांगितले, की तारीख चुकवू नका, प्रार्थनेचा कागद सोबत न्या आणि सलाइन चालू असताना म्हणा. परळच्या टाटाला निघालेल्यांनी तो अवंतिका एक्स्प्रेसमध्ये म्हटला तरी काही बिघडत नाही.

राहिले ११ जण. नोव्हेनाचे नऊ दिवस येशूच्या स्वर्गारोहणापासून पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंत शिष्यांनी केलेल्या प्रार्थनेवरून आले आहेत. तिथे माणसे मोजून निरोप पाठवण्याचा उल्लेख कुठेही नाही, आणि तो न पाठवल्याने कोणाच्याही रुग्णाचे काहीही वाईट होत नाही.