घारींच्या बंदोबस्ताविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बेळगाव परिसरातील शिकारी पक्ष्यांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : घारी आणि ससाणे आता इतके वाढले आहेत की खानापूर तालुक्यातील आपल्या गावी कोंबडीची पिल्ले हाती लागत नाहीत; बेळगावात बहिणीच्या घरी गच्चीवर गेलेल्या माणसाच्या डोक्यावर घार झेपावते; गिधाडे संपली आणि त्यांची जागा यांनी घेतली; अशा वेळी त्यांच्या भरारीची वर्णने करत बसण्यापेक्षा वनखात्याने त्यांना पकडून भीमगडच्या जंगलात सोडावे, अशी मागणी मी करायला हवी होती. ‘पोट भरलेल्या शहरी माणसाचे कौतुक’ असा शेराही आपण मारला आहे. तो राहू द्या. बाकीच्या मुद्द्यांपैकी पिल्लांचे नुकसान आणि गच्चीवरची भीती या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यांच्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही आणि सुचवलेला उपाय तर मुळीच मान्य नाही.

शिकारी पक्षी सरसकट वाढलेले नाहीत. माणसाच्या वस्तीशी जुळवून घेणारे मोजकेच पक्षी आपल्या डोळ्यांसमोर आले आहेत. त्यांत घार पहिली, मग शिक्रा, आणि रात्रीच्या पाळीला पिंगळा व गव्हाणी घुबड. ज्यांना मोकळा माळ आणि उंच गवत लागते, त्यांची स्थिती नेमकी उलटी आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून दख्खनच्या पठारावर येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवर उतरून झोपतात. माळ नांगरला गेला की त्यांची झोपण्याची जागाच जाते. देशातील ९४२ पक्षीजातींचा आढावा घेणारा ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल २०२३ मध्ये आला, त्यातही शिकारी पक्ष्यांची घट हा चिंतेचा विषय म्हणून नोंदवलेला आहे. तेव्हा गच्चीवरून दिसणाऱ्या घारींच्या घिरट्यांवरून साऱ्या शिकारी पक्ष्यांचा हिशेब मांडता येत नाही.

घारी शहरात का आल्या, याचे उत्तर आभाळात शोधू नये, ते रस्त्यावर आहे. घार मूळची उचल्या स्वभावाची. जिवंत शिकारीमागे धावण्यापेक्षा मेलेला उंदीर, माशाचे डोके, कोंबडीची आतडी तिला अधिक परवडतात. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानांची एखादी ओळ डोळसपणे पाहावी. टाकाऊ मांसाची बादली बाहेर आली की आधी तारेवर कावळे जमतात, आणि थोड्याच वेळात वर घारी गोल फिरू लागतात. त्यांतली एक शेपटीचा दुभंगलेला पंखा सुकाणूसारखा वळवत दोन तारांच्या मधून खाली येते, जमिनीवर न टेकता तुकडा पंजात उचलते आणि वर चढता चढताच पंजा चोचीपाशी नेऊन खाऊ लागते. हे कसब पाहून काही लोक मुद्दाम तुकडे उडवतात. घारीला त्यातून एवढेच कळते की माणसाच्या हातात खाणे असते. मग शाळेच्या आवारात डबा उघडून बसलेल्या मुलाच्या हातातली पोळी गेली, तर त्या पक्ष्याला दोष कसा द्यायचा? तुरमुरीच्या कचरा डेपोपर्यंत जाणाऱ्या गाड्यांतला ओला कचरा असो वा गल्लीच्या कोपऱ्यावर फाटलेली पिशवी असो, उघडे मांस जिथे मिळते तिथे घार येणारच. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापण्यास आणि कचरा टाकण्यास १९३७ च्या विमान नियमांत मनाई आहे, ती अशाच पक्ष्यांच्या धोक्यामुळे. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर विमाने उतरतात, हे आपल्याकडे कचरा टाकताना कुणाच्या लक्षात असते, असे वाटत नाही.

गिधाडांविषयी आपण लिहिलेले अर्धेच खरे आहे. पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की गिधाडे काही तासांत हाडे उघडी पाडत. १९९० च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने ती मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. मेलेल्या जनावराच्या मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होते. जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. परंतु गिधाडाचे काम घारीने उचलले, असे म्हणता येत नाही. म्हशीचे कातडे फाडण्याइतकी घारीची चोच भक्कम नसते. दुसऱ्या कुणी फोडून दिलेल्या ढोराचे उरलेसुरले ती खाते. ती जागा प्रामुख्याने भटक्या कुत्र्यांनी घेतली, आणि त्यांचा त्रास कुणाला होतो ते आपण जाणताच.

भीमगडमध्ये सोडण्याच्या मागणीवर फार लिहिण्याची गरज नाही. २०११ मध्ये अभयारण्य झालेले ते घनदाट जंगल सर्पगरुडाचे घर आहे. उकिरड्यावर वाढलेल्या घारीला तिथे काय मिळणार? ती परत उडून येईल, आणि नाही आली तर उकिरडा तसाच असल्याने तिच्या जागी दुसरी येईल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या पक्ष्यांना पकडणे किंवा त्यांची घरटी उद्ध्वस्त करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे गावातल्या कुणी फासे लावण्याचा विचार करत असल्यास त्याला आपणच थांबवावे.

आता पिल्लांचा प्रश्न. आपण ‘ससाणा’ म्हणता तो बहुधा शिक्रा असावा : कबुतराएवढा, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, आणि झाडाच्या आडून सुसाट येऊन पिल्लू उचलणारा. घार मात्र उघड्यावरून येते. दोघांनाही मोकळ्या अंगणातली, आईपासून लांब गेलेली पिल्ले सोपी पडतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत पिल्ले काढलेली कोंबडी पहिले काही आठवडे डालग्याखाली का ठेवत, ते यावरून ध्यानात यावे. आज तेवढे लक्ष द्यायला घरात माणूस नसतो, हे मान्य. पण परड्यातल्या एका कोपऱ्यावर शेडनेट किंवा मासेमारीचे जुने जाळे ताणून बांधायला फार खर्च येत नाही, आणि अंगणात दोन झुडपे असली तर वरून सावली फिरताच कोंबडी घोगरा इशारा देऊन पिल्लांना तिथे ओढते. (जूनमध्ये आंब्यावर बसून दिवसरात्र ओरडणारा ‘ससाणा’ म्हणून आपण ज्याची तक्रार केली आहे, तो ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा आहे. रंगरूप शिक्र्यासारखे असले तरी तो सुरवंट खातो. त्याच्यावर पिल्लांचा आळ नको.)

नुकसानीच्या हिशेबात दुसरी बाजूही धरायला हवी. ज्वारीच्या किंवा उसाच्या शिवारावर एकाच जागी पंख फडफडवत थांबणारी, लाल डोळ्यांची पांढुरकी कापशी आपण पाहिली असेल. ती टप्प्याटप्प्याने खाली येते आणि शेवटी पाय सोडून उंदरावर पडते. गव्हाणी घुबड हेच काम रात्री करते. शेतात पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायच्या काठ्या, रोवणारे शेतकरी हे जाणून असतात. मात्र उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनसारखे विष ठेवले, तर तो उंदीर मरायला काही दिवस घेतो आणि त्या काळात तो खाणारे घुबडही विषबाधेने मरू शकते. उंदीर मात्र पुन्हा वाढतात.

शेवटी आपल्या बहिणीच्या गच्चीचे. तिथे शेजारच्या नारळावर काटक्यांचे घरटे असल्याचे आपणच लिहिले आहे, आणि हल्ला फेब्रुवारीपासून सुरू झाल्याचेही. घार साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात विणीला असते. महिनाभर अंडी उबवते आणि नंतर सुमारे दीड महिना पिल्ले घरट्यात असतात. याच काळात तिला गच्चीवरचा माणूस शत्रू वाटतो. ती बहुतेक वेळा पाठीमागून येते, म्हणून तेवढे दिवस छत्री घेऊन जावे, घरट्याकडे पाठ करून उभे राहू नये, आणि कपडे शक्य तर घरट्यापासून लांबच्या बाजूला वाळत घालावेत. लहान मुलाला उचलून नेईल, ही भीती मनातून काढून टाकावी : घारीचे वजन किलोभरही नसते. ओरखडा मात्र खोल जाऊ शकतो, तो लागलाच तर साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावा. नारळ उतरवणाऱ्याला आत्ता वर चढवू नका, त्याच्याच डोळ्यांना धोका आहे. झावळ्या काढायच्या असतील तर मे महिन्याच्या अखेरीस, घरटे रिकामे झाल्याची खात्री करून, पावसाआधी काढून घ्याव्यात.