हो, हात हलवत परत आलो!

संध्याकाळी साडेसातला घरी आले. दारात चपला काढतेय तोवर आतून प्रश्न आला, "काय काय आणलंस?" म्हटलं, काही नाही. "काहीच नाही? सकाळी अकराला गेली होतीस की!" आणि मग हसत हसत, "हात हलवत परत आलात? मग गेलात कशाला?"

नवरा वाईट हेतूने बोलला नाही, मला माहितीये. बोलून तो लगेच टीव्हीकडे वळलासुद्धा. मी मात्र एक चप्पल हातात धरून तशीच उभी राहिले. आता साडेदहा वाजलेत आणि ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. तेव्हा तोंडून उत्तर फुटलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

गेलो कशाला, ते ऐका.

आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या. त्यातल्या एकीने गेली अडीच वर्षं आईचं आजारपण काढलं. आई अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, औषधांच्या वेळा, रात्रीचा गजर, चादरी. आई जाऊन आता सात महिने झाले. या सगळ्या काळात ती स्वतःसाठी म्हणून घराबाहेर पडली नव्हती. मेडिकल, बँक, हॉस्पिटल, घर, बस. आम्ही बोलावलं की "बघते गं" म्हणायची, आणि "बघते" म्हणजे "नाही" हे आम्हालाही कळायला लागलं होतं. मागच्या आठवड्यात ग्रुपवर तिचाच मेसेज आला. "मला काही घ्यायचं नाहीये. पण दुकानांतून नुसतं फिरायला चला ना."

तो मेसेज वाचून मी हातातलं काम टाकून खुर्चीत बसले. चौघींचा एक आख्खा दिवस जुळवायचा म्हणजे काय दिव्य असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकीने रजा टाकली. एकीने मुलाला बहिणीकडे सोडलं. मीही घरात चार गोष्टी लावून निघाले. आणि गेलो.

दिवसभर केलं काय? तर काहीच नाही. मनगटावर अत्तरं मारून घेतली, इतकी की शेवटी कुठली कुठली तेच कळेना. एकीने बुटांचे सहा जोड घालून पाहिले. नको असलेल्या दिव्याखाली उभं राहून नको असलेल्या पिशव्यांच्या चेन उघडून आतले कप्पे बघितले. मला हे फार आवडतं आणि आवडतं म्हणायला मला अजिबात लाज वाटत नाही.

आणि मग तो ड्रेस. मोरपंखी रंगाचा, साधा, गुडघ्याखाली येणारा. तिने हँगर बाजूला सरकवला, पुढे गेली आणि परत मागे आली. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कुणीही काही बोललं नाही. ती तो घेऊन ट्रायल रूममध्ये गेली. पाच मिनिटांनी दाराआडून हाक आली, "अगं, चेन अडकलीये."

मी आत गेले. पाठीमागची चेन अर्ध्यावर येऊन अस्तर गिळून बसली होती. मी डाव्या हाताच्या चिमटीत अस्तर धरलं, चेन बोटभर खाली घेतली, परत वर, परत खाली. ती मान खाली घालून उभी. माझ्या डोळ्यांसमोर तिची पाठ. किती वाळलीये ते फोटोत कळतच नव्हतं. अडीच वर्षं ज्या खांद्यांनी आईला उचलून बसवलं, त्यांची हाडं वर आली होती. शेवटी अस्तर सुटलं आणि चेन सर्रकन वर गेली. तेव्हा कुठे तिने मान वर करून आरशात पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आई नेहमी म्हणायची, हा रंग घे तुला. मी म्हणायचे, नंतर."

आम्ही दोघी त्या एवढ्याशा खोक्यात उभ्या. हुकाला तिचा राखाडी कुडता लटकलेला. मी काही बोलले नाही, तिच्या बाहीला लटकणारं किमतीचं लेबल तेवढं आत सारलं.

आणि दारावर टकटक. "मॅडम, घेताय का? बाहेर लाईन आहे."

त्या मुलीचीही चूक नाही, मान्य. ती दिवसभर उभी असते, आमच्यासारख्यांनी घालून टाकलेले कपडे पुन्हा घड्या करून लावायचे तिलाच. आम्ही ड्रेस नीट हँगरला लावून तिच्या हातात दिला, "थँक्यू" म्हटलं. पण "घेताय का?" या प्रश्नाचा मला आज वीट आलाय. दुकानात घेताय का, घरी घेतलंस का. दिवसाची पावती दाखवा!

(तिने ड्रेस घेतला नाही. "आज नको" म्हणाली. आम्हीही आग्रह केला नाही.)

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणणार, भेटायचंच होतं तर कुणाच्या तरी घरी भेटायचं, पैसे वाचतात, पायही दुखत नाहीत. बरोबर आहे. घरी भेटतोच आम्ही. पण घरी जिच्याकडे जमतो ती बसतच नाही. ती आत-बाहेर करत राहते आणि आम्ही मोठ्याने बोलत राहतो, तिला आत ऐकू जावं म्हणून. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घरी आम्ही तिला समोर बसवलं असतं. तिघी तिच्या तोंडाकडे बघत, "कशी आहेस गं?" असं विचारत. सात महिने ती हेच टाळत होती.

दुकानात कुणी समोरासमोर नसतं. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून चालत असतात. हाताला चाळा असतो. वाक्य अर्ध्यावर सोडून "हे बघ गं" म्हणता येतं, आणि दोन दुकानांनंतर तेच वाक्य पुन्हा उचलता येतं. कुणी "पुढे काय?" म्हणून मागे लागत नाही. ट्रायल रूममधून बाहेर आल्यावर आम्ही मोज्यांच्या स्टँडपाशी थांबलो होतो. ती मोज्यांच्या जोड्या उलटसुलट करत होती, आणि मोज्यांकडेच बघत तिने आईच्या शेवटच्या रात्रीचं सांगितलं. सगळं. पहिल्यांदा. एक निळा जोड उचलायची, परत ठेवायची, पुन्हा तोच उचलायची. आम्ही तिघींनी हातात एकेक जोड धरलेला. लोक आमच्या मधून वाट काढून जात होते. वीस मिनिटं तरी गेली असतील. मग तिने स्टँड नीट लावला आणि म्हणाली, "चला, बूट बघू."

हे घरच्या सोफ्यावर झालं असतं? मला नाही वाटत.

आणि घरबसल्या मोबाईलवरून मागवता येतं हे मला कुणी शिकवू नका. मीही मागवते, सोयीचं आहे. पण मोबाईलमध्ये चेन अडकल्यावर हाक कुणाला मारणार?

त्यानंतर पाय भरून आले म्हणून बसायला जागा शोधली. एवढा मोठा मॉल, तीन मजले, आणि बाक नाही! बसायचं तर खाण्याच्या जागी जाऊन काहीतरी विकत घ्या. आम्ही झाडाच्या कुंडीच्या कट्ट्यावर टेकलो, तर गार्ड आला. "मॅडम, इथं बसायचं नाही." त्यालाही वरून सांगितलेलं असणार. पण वरून असं सांगतात का? माणसं थकतात हे मॉल बांधणाऱ्याला माहीत नसतं? चांगलं माहीत असतं! घड्याळ लावत नाहीत, खिडक्या ठेवत नाहीत, सरकता जिना वर नेतो आणि पुढच्या जिन्यासाठी आख्ख्या मजल्याला वळसा घालायला लावतो, किमती मुद्दाम 99वर संपवतात. इतका विचार करणाऱ्यांना बाक सुचत नाही असं होईल का?

मी मागे वाचलं होतं ते त्या कट्ट्यावरून उठताना आठवलं. व्हिक्टर ग्रुएन नावाचा आर्किटेक्ट होता, मूळचा व्हिएन्नाचा. अमेरिकेत मिनियापोलिसजवळ 1956 साली त्याने साउथडेल नावाचं पूर्ण बंदिस्त शॉपिंग सेंटर उभं केलं. आजचे मॉल त्याच्याच वळणावर गेलेले. पण त्याच्या डोक्यात काय होतं, तर व्हिएन्नातल्यासारखा चौक. वर छप्पर, मध्ये झाडं, कारंजं, लोकांनी यावं, बसावं, एकमेकांना भेटावं. पुढे जे झालं ते पाहून उतारवयात त्याने स्वतःच या सगळ्या मॉलपासून हात झटकले. मला त्या माणसाचं फार वाईट वाटतं. भेटायला जागा बांधायला गेला आणि लोकांनी त्यातली फक्त दुकानं उचलली.

आणि आणखी मागे जा. 1909 साली लंडनमध्ये सेल्फ्रिजेस नावाचं दुकान उघडलं, त्यात लिहायला-वाचायला वेगळ्या खोल्या होत्या, विसाव्याला जागा होती. या, बघा, दिवस घालवा, घेतलंच पाहिजे असं नाही, ही त्या मालकाची जाहिरातच होती. त्याला धंदा करायचा होता, समाजसेवा नाही, हे मलाही कळतं. पण ज्या काळात बाईने एकटीने घराबाहेर रेंगाळणं लोकांच्या डोळ्यांवर यायचं, त्या काळात तिला टेकायला खुर्ची मिळाली. शंभर वर्षांपूर्वी! आणि आज आम्हाला कुंडीवरून उठवतात.

खरं सांगू? मला गार्डपेक्षा घरचा प्रश्न जास्त लागला. कारण बाईला बाहेर पडायला कारण लागतं, आणि "मैत्रिणींना भेटायला जातेय" हे कारण पुरत नाही. "जरा खरेदी आहे" म्हटलं की पुरतं. मग परत येताना हातात पिशवी हवी. पिशवी म्हणजे कामाला गेले होते याचा पुरावा. मी स्वतः किती वेळा केलंय हे. मैत्रिणींबरोबर चार तास काढायचे आणि निघताना घाईघाईने चार टॉवेल उचलायचे, घरात शिरताना हात रिकामा दिसू नये म्हणून. आमच्या कपाटात असे टॉवेल पडून आहेत. आज मी टॉवेल घेतले नाहीत. मुद्दाम. निघताना एकीने विचारलं, "काहीतरी घेऊया का गं, घरी बरं दिसतं?" आणि आमच्या त्या मैत्रिणीने, जिला सात महिन्यांत कुणी बाहेर काढू शकलं नव्हतं, तिने सरळ सांगितलं, "नको. मी तुम्हाला भेटायला आलेय."

आमच्याकडे नवरा दर रविवारी सकाळी मित्रांबरोबर जातो. दुपारी येतो. त्याला मी कधी विचारलंय, काय आणलंस म्हणून? एकदाही नाही. मला तो आनंदात परत आलेला दिसतो, तेवढं पुरतं मला.

इतकं लिहिल्यावर राग जरा खाली आला. आता त्याचीही बाजू लिहायला हवी, नाहीतर मला झोप लागायची नाही. आज मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट त्यानेच करून घेतला, स्वयंपाकही त्यानेच केला होता, मी आले तेव्हा ओटा पुसलेला होता. त्याने प्रश्न विचारला कारण त्याला काही माहीतच नव्हतं. मी जाताना काय सांगितलं होतं? "जरा खरेदीला जातेय." मीच सांगितलं होतं तसं. मैत्रिणीचा मेसेज त्याला दाखवलाच नव्हता.

म्हणून मघाशी लिहिता लिहिता उठले आणि बाहेर जाऊन त्याला सांगितलं. चेनचं, मोरपंखी रंगाचं, "मी म्हणायचे, नंतर" हे, मोज्यांच्या स्टँडपाशी उभं राहिलो ते. त्याने टीव्ही बंद केला. सगळं सांगून होईपर्यंत मध्ये बोलला नाही. मग विचारलं, "आता घरी एकटीच असते का ती?"

म्हटलं, हो.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी परत जातोय आम्ही. त्या बाजूला राहणाऱ्या कुणाला यायचं असेल तर मेसेज करा. यादी केलेली नाही.